पाव, पावती आणि पावारोत्ती

लुचानो पावारोत्ती हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुठल्या बेकरीतनं आणलीत?"

तिचा यात काही दोष नाही. ज्या देशात पावरोटी सायकलवरून दारात येते, त्या देशात हे आडनाव ऐकून दुसरं काय आठवणार? पण गंमत पुढंच आहे. या लुचानोचे वडील फेर्नांदो पावारोत्ती खरोखरीच बेकर होते. इटलीतल्या मोदेना गावात पाव भाजायचे. म्हणजे आमच्या हिनं नुसत्या आडनावावरून त्या घरचा धंदा ओळखला. ही गोष्ट मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितली, तर म्हणाली, "मग? मी काय वेगळं म्हटलं?" लग्नाला वीस वर्षं झाली की बायको कुठल्याही विषयात आपोआप बरोबर ठरायला लागते.

हा पावारोत्ती म्हणजे ऑपेराचा जगप्रसिद्ध गायक. १९९० साली इटलीत फुटबॉलचा विश्वचषक झाला तेव्हा रोममधल्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत तीन गायक एकत्र गायले होते, त्यांतला सगळ्यांत अगडबंब तो. काळा कोट, दाढी आणि हातात टेबलक्लॉथएवढा पांढरा रुमाल. पण त्या प्रसिद्ध माणसाबद्दल मला काही सांगायचं नाही. प्रसिद्ध माणसाबद्दल सांगायला पुष्कळ लोक असतात. मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या पोराबद्दल, ज्याच्या खात्यात किमान शिल्लकसुद्धा नव्हती.

माझा या मंडळींशी संबंध आला तो बँकेमुळं. बी.कॉम. झालेल्या माणसाचा जगातल्या बहुतेक गोष्टींशी बँकेमुळंच संबंध येतो. आमच्या शाखेत दर महिन्याच्या दोन तारखेला एक पेन्शनर आजोबा पासबुक छापून घ्यायला येतात. ते छापायचं यंत्र महिन्यातले वीस दिवस आजारी असतं, त्यामुळं आजोबांना थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस बोलतो. बाकीचे पेन्शनर मधुमेहावर बोलतात, हे ऑपेरावर बोलतात. तरुणपणी ते बोटीवर होते. इटलीच्या बंदरात बोट लागली की इतर खलाशी जिथं जातात तिथं न जाता आपण नाटकगृहात जात असू, असं त्यांचं म्हणणं आहे. निदान आजी बरोबर असल्या की असंच असतं.

"त्यात काही अगम्य नाही हो," ते मला म्हणाले, "आपलं संगीत नाटकच. आपल्याकडे नट चार वाक्यं बोलतो आणि पद म्हणतो. तिकडं 'दार लावून घे' हेसुद्धा गाऊन सांगतात."

मला ही व्याख्या एकदम पटली. छातीत बाण घुसलेला नायक आधी पद म्हणतो, वन्स मोअर आला तर उठून पुन्हा म्हणतो, आणि मग रीतसर मरतो, हे ज्या समाजानं तिकीट काढून पाहिलं त्याला ऑपेरा परका वाटायचं कारण नाही. फरक एकच. तिकडं मायक्रोफोन नाही. गायकानं समोरच्या खड्ड्यात बसलेल्या अख्ख्या वाद्यवृंदावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा. आमच्या शाखेत 'टोकन नंबर चौदा' एवढं तिसऱ्या बाकापर्यंत पोचवताना माझा घसा बसतो.

मी घरी फोनवर एक गाणं लावून पाहिलं. आवाज हळूहळू चढत गेला आणि शेवटाकडं असा लागला की पलंगावर जप करत बसलेली माझी आई माळ थांबवून म्हणाली, "कुणी गेलं का रे त्याचं?"

मी म्हटलं, "नाही गं, अजून नाही. चौथ्या अंकात जायचंय."

"मग आत्तापासनं कशाला?"

हे गाणं होतं 'ला बोएम' नावाच्या ऑपेरातलं. संगीतकार पुच्चीनी, पहिला प्रयोग १८९६ साली तुरीनला. पॅरिसमधल्या एका माळ्यावर चार मित्र राहतात: एक कवी, एक चित्रकार, एक गवई आणि एक तत्त्वज्ञ. म्हणजे चौघांपैकी एकाचंही उत्पन्न कर्जासाठी विचारात घेण्यासारखं नाही. नाताळची आदली संध्याकाळ, हाडं गोठवणारी थंडी, जाळायला लाकूड नाही. तेव्हा कवी आपल्या नाटकाचं हस्तलिखित जाळून सगळ्यांना ऊब देतो. (आपल्याकडच्या काही नाटकांनी हा मार्ग वेळेवर पत्करला असता तर प्रेक्षकांनाही दोन घटका बरं वाटलं असतं.) तेवढ्यात घरमालक थकलेलं भाडं मागायला येतो. हे चौघं त्याला दारू पाजून बोलतं करतात, आणि तो रंगात येऊन आपल्या बाहेरच्या भानगडी सांगू लागला की 'लग्न झालेला माणूस आणि असले धंदे!' असा नैतिक संताप करून त्याला बाहेर काढतात. भाडं तिथंच. मी वसुली विभागात दोन वर्षं काढलेली आहेत. संपूर्ण नाटकात माझी खरी सहानुभूती आहे ती त्या घरमालकाकडं.

मग मिमी नावाची शेजारीण मेणबत्ती पेटवून घ्यायला येते, अंधारात तिची किल्ली हरवते, कवीला ती सापडते आणि तो गुपचूप खिशात घालतो. (आमच्याकडे याला निलंबन आहे.) शोधता शोधता हाताला हात लागतो. तिचा हात गार असतो. त्या गार हातावरून कवी जे गाणं सुरू करतो त्यात मी कोण, करतो काय, जगतो कसा, अशी खातं उघडायच्या फॉर्मातली सगळी माहिती तो देतो, आणि शेवटाकडं तो भयंकर वरचा सूर लागतो, ज्यापाशी आईची माळ थांबली. विलायती भाषेत त्याला 'हाय सी' म्हणतात. आपला पुरुष गायक पेटीच्या पांढरी एकमध्ये गात असेल तर त्याचा अतितार षड्ज जिथं येईल तिथं हा सूर. आपल्याकडे तिथवर क्वचित जातात, आणि गेले तरी हात वर करून, डोळे मिटून, देवाला सांगून जातात.

या कवीचं नाव रोदोल्फो. लुचानोनं हे काम पहिल्यांदा केलं २९ एप्रिल १९६१ रोजी, मोदेनाजवळच्या रेज्जो एमिल्या गावात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. ऑपेरातलं त्याचं हे पदार्पण. तिथवर तो कसा पोचला हा हिशेबाचा विषय आहे, म्हणून मला त्यात रस.

लुचानो जन्मला १९३५ साली. आई सिगारच्या कारखान्यात कामाला. त्याच गावात, त्याच वर्षी मिरेल्ला फ्रेनी नावाची मुलगी जन्मली, तिची आईही त्याच कारखान्यात, आणि दोन्ही पोरांना दूध पाजणारी दाई एकच. पुढं दोघंही ऑपेराचे अव्वल गायक झाले, आणि त्या दाईचं दूध जास्त कोणाच्या वाट्याला गेलं ते बघितल्यावर कळतंच, असं फ्रेनीबाई गमतीनं म्हणत.

पण खरी गोष्ट फेर्नांदोची आहे. या बेकरचा स्वतःचा आवाज उत्तम होता. टेनर, म्हणजे पुरुषांतला सर्वांत वरच्या पट्टीचा. घरात नामांकित टेनरांच्या तबकड्या होत्या. हे गृहस्थ चर्चमध्ये गायचे, गावच्या समूहगायन मंडळात गायचे, पण धंदेवाईक गायक काही झाले नाहीत, कारण त्यांना स्टेजची भीती वाटायची. घोळक्यात उभं केलं तर आवाज मोकळा. एकटं उभं राहायचं म्हटलं की अवसान गळालं. लुचानो नऊ वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या शेजारी उभा राहून गायला लागला. १९५५ साली मोदेनाचं हे पुरुषांचं मंडळ वेल्समधल्या लँगोलन गावच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गेलं आणि पहिलं बक्षीस घेऊन आलं. बाप आणि मुलगा एकाच रांगेत. त्या बक्षिसानं आपल्याला गायक व्हायची उमेद दिली, असं लुचानो पुढं जन्मभर सांगत राहिला.

त्याआधी त्याला व्हायचं होतं फुटबॉलचा गोलकीपर. आईनं समजूत घालून मास्तरकीचं शिक्षण घ्यायला लावलं. दोन वर्षं त्यानं प्राथमिक शाळेत शिकवलं, मध्ये विमाही विकला. विमा विकणाऱ्याचा आवाज असा तीन हजार माणसांपर्यंत पोचणारा असेल तर पॉलिसी घेण्यावाचून गत्यंतर काय उरतं, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. पण पोराचा जीव गाण्यात. वडील राजी नव्हते. म्हणजे गाणं कळत नव्हतं म्हणून नव्हे. गाणं काय असतं, आवाज किती जणांकडे असतो आणि त्यातले किती पोट भरतात, हे त्या घरात सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक होतं.

शेवटी करार झाला. मुलानं तिसाव्या वर्षापर्यंत घरात राहावं, घरात जेवावं, एक पैसा देऊ नये. तिशीपर्यंत जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मिळेल ते काम करून पोट भरावं, तक्रार चालणार नाही.

मी आजवर हजारो कर्जप्रकरणं हाताखालून घातली आहेत. तारण नाही, जामीनदार नाही, अर्जदाराचं उत्पन्न शून्य, व्यवसाय 'गाणं', परतफेडीची सुरुवात अकरा वर्षांनी, व्याज नाही. असा प्रस्ताव आमच्या साहेबांपुढं ठेवला तर ते आधी माझी रजा मंजूर करतील. मी कॅल्क्युलेटर काढला. एकोणिसाव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत अकरा वर्षं, गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले दोन. आठ हजार तीस जेवणं. लीप वर्षांची वेगळी. आणि जेवणारा पावारोत्ती.

हा करार मी इतक्या आपुलकीनं वाचला त्याला घरचंच कारण आहे. आमच्या मुलीनं बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना जाहीर केलं की तिला गाणं करायचंय. 'करायचंय' या शब्दाकडं लक्ष द्या. शिकते आहे ती सातव्या वर्षापासून. गाणं करायचं म्हणजे दुसरं काही करायचं नाही. ही बातमी कळताच आमचे मेहुणे बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन हजर झाले.

"बँकेत राहूनसुद्धा गाता येतं की!" ते म्हणाले आणि पुराव्यादाखल त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बँकेत राहून विनोदी लिहितो. मुलीनंही माझ्याकडं पाहिलं. दोघांच्या बघण्यात फरक होता.

मेहुणे गेल्यावर मी तिला मोदेनाचा करार वाचून दाखवला.

"मग बाबा, तूही तीस म्हण ना."

"पंचवीस."

"त्याला तीस आणि मला पंचवीस? तो मुलगा म्हणून?"

ज्या घरात मुली शिकतात तिथं बापाला घासाघीस करता येत नाही. तिशीवर शिक्कामोर्तब झालं. मी हिला सांगितलं, "बघ हं, अजून आठ हजारांवर जेवणं होतात."

ही म्हणाली, "आत्तापर्यंतची कुणी मोजलीत?"

असो. लुचानोनं मग खरोखर मान मोडून अभ्यास केला. आरिगो पोला नावाचे गायक मोदेनातच राहात. पोराची परिस्थिती बघून त्यांनी फुकट शिकवलं. हे आपल्याकडं सांगायला नको. आपल्या गाण्याचा निम्मा इतिहास फुकट शिकवणाऱ्यांनी आणि उरलेला निम्मा पाणी भरून शिकणाऱ्यांनी घडवला आहे. पोला जपानला गेल्यावर मांतुआ गावच्या कांपोगाल्लियानी मास्तरांकडं शिक्षण सुरू झालं. फ्रेनीही त्यांच्याचकडं. सहा वर्षं अशी गेली. सहा वर्षांची जमेची बाजू काय? लहान लहान गावांतल्या थोड्या मैफली. मानधन: काही नाही.

वर गळ्यात गाठ आली. स्वरतंतूवर. फेर्रारा गावातली एक मैफल अशी पडली की लुचानोनं गाणं सोडून द्यायचं ठरवलं. झालं, संपलं, आता नाही. आणि एकदा सोडायचं ठरवल्यावर गाठ गेली, आणि आवाज पूर्वीपेक्षा मोकळा लागायला लागला. मनावरचं ओझं उतरलं म्हणून असं झालं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. मला ते खरं वाटतं. राजीनामा लिहून खिशात ठेवला की साहेबाशी किती सुरात बोलता येतं याचा अनुभव पुष्कळांना असेल.

मग रेज्जो एमिल्याला गायकांची स्पर्धा झाली, त्यात तो जिंकला, आणि बक्षीस म्हणून मिळाली ती रोदोल्फोची भूमिका. त्याच वर्षी त्यानं लग्नही उरकलं. कराराची मुदत संपायला साडेचार वर्षं बाकी असताना खातं नियमित झालं. फेर्नांदोची निदान तीन हजार जेवणं वाचली.

पुढची चढण मात्र दुसऱ्यांच्या आजारपणावर झाली. १९६३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ज्युसेप्पे दि स्तेफानो हा मोठा गायक आजारी पडला आणि लुचानो रोदोल्फो म्हणून उभा राहिला. १९६५ साली मायामीत टेनर आजारी, पुन्हा लुचानो. बँकेत याला 'ऑफिशिएटिंग' म्हणतात. आमच्याकडं ऑफिशिएटिंग करणारा माणूस मूळ माणूस परत आला की आपल्या खुर्चीवर परत जातो. हा गेला नाही.

मायामीला त्याचं नाव सुचवलं होतं ते जोन सदरलंड या ऑस्ट्रेलियन गायिकेनं. बाई उंचीनं चांगल्याच होत्या, आणि त्यांच्यासमोर प्रियकर म्हणून उभा राहिल्यावर मुलासारखा दिसणार नाही असा टेनर त्यांना हवाच होता. त्याच वर्षी तिनं त्याला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर नेलं. दोन महिन्यांत चाळीसेक प्रयोग. सदरलंडबाईंचा दम कधी तुटत नाही हे पाहून लुचानो त्यांच्या बरगड्यांखाली हात ठेवून श्वास कुठून येतो आणि कुठं धरला जातो त्याचा अभ्यास करायचा. पदार्पणाला चार वर्षं झालेला, स्कालामध्ये कारायानच्या हाताखाली गाऊन आलेला गायक पुन्हा पहिल्या यत्तेत बसला होता. बाईंचे यजमान रिचर्ड बॉनिंग स्वतः वाद्यवृंदाचे संचालक होते, तेव्हा हा अभ्यास पुरेशा देखरेखीखाली झाला असं समजायला हरकत नाही.

त्या श्वासाचं व्याज मिळालं १७ फेब्रुवारी १९७२ रोजी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात. सदरलंडबाईंच्याच बरोबर दोनित्सेत्तीचं १८४० सालचं 'पलटणीची पोर'. यात तोनियो नावाचा खेडवळ पोरगा प्रेमापायी सैन्यात भरती होतो, आणि त्या आनंदात एका गाण्यात तो वरचा सूर नऊ वेळा लावतो. मघाचा तोच, माळ थांबवणारा. एकदा लागला तर गायकाचं नाव होतं. हा नऊ वेळा, एकामागून एक, जिना चढल्यासारखा लावून मोकळा झाला. सुमारे ३,८०० खुर्च्यांचं थिएटर. प्रेक्षकांनी त्याला पडद्यापुढं सतरा वेळा बोलावलं. आमच्याकडं गिऱ्हाइकाला सतरा वेळा बोलावतात ते सही जुळत नाही म्हणून.

आता कुणालाही वाटेल की एवढं झाल्यावर भीती कसली उरते. तर एक वर्षसुद्धा उलटलं नव्हतं आणि त्याला दरदरून घाम फुटला. निमित्त, रिसायटल.

ऑपेरा आणि रिसायटल यांतला फरक मला आजोबांनी समजावला (त्या दिवशी यंत्राची शाई संपली होती). ऑपेरात तुम्ही तुम्ही नसता. दाढी लावलेली असते, कवीचा झगा असतो, अंगाशी खोटी चूल असते, मरायला टेकलेली नायिका असते. चूक झाली तर ती रोदोल्फोची. रिसायटलला मागं एक पियानो आणि पियानोच्या बाकदार पोटाशी तुम्ही. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या कोटात, दोन तास. आणि सगळ्यांत भयंकर प्रश्न म्हणजे हातांचं करायचं काय? आपल्या गवयांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. एक हात तंबोऱ्याला दिला, दुसरा हवेत सोडून दिला, आणि बसून घेतलं. बसलेल्या माणसाचे गुडघे थरथरले तर कुणाला दिसत नाहीत. बिचाऱ्या टेनरला उभं राहावं लागतं, आणि दोन्ही हात रिकामे.

१ फेब्रुवारी १९७३. ठिकाण, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं लिबर्टी नावाचं लहानसं गाव, तिथलं विल्यम ज्युएल कॉलेज. मेट्रोपॉलिटन गाजवलेल्या गायकानं आपलं पहिलं मोठं रिसायटल तिथं केलं. त्यात सर्दी मुरलेली, त्यात छातीत धडधड, त्यात घाम. तेव्हा लुचानोनं एक पांढरा रुमाल हातात घट्ट धरला आणि पूर्ण कार्यक्रमभर सोडला नाही. पुढं तो रुमाल त्याची खूणच झाला. जगभर लोकांना वाटत राहिलं, की हा थाट आहे.

मला मात्र त्या रुमालात फेर्नांदो दिसतात. आवाज वडिलांचा, तशीच ही भीतीही वडिलांचीच. फेर्नांदो तिला घेऊन बेकरीत परत गेले. पोरगा तिला चार चौकोनी घड्या घालून, हातात धरून, उजेडात उभा राहिला.

आमच्या मुलीची पहिली बैठक गेल्या पावसाळ्यात एका संगीत मंडळाच्या सभागृहात झाली. धो धो पाऊस. श्रोते अकरा, त्यांत घरचे चार. मेहुणे धरून. मानधन नाही, नारळ. कार्यक्रमाआधी मंडळाच्या चिटणिसांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आपण अजून सभासद नाही ना?" आणि वार्षिक वर्गणीची पावती फाडली. म्हणजे मुलगी गायली आणि पैसे मी भरले. मोदेनाच्या कराराला धरूनच हे झालं.

ती डोळे मिटून बसली आणि तिनं सा लावला. मी तिसऱ्या रांगेत होतो. पहिला सा जरा थरथरला. तो अकरांपैकी कुणाला कळला असेल असं नाही. चिटणीस तेव्हा पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती मोजत होते. पण मला कळला, कारण त्या क्षणी माझ्या खिशातला रुमाल माझ्या मुठीत होता आणि मी तो पिळत होतो. विलंबितात ती हळूहळू स्थिरावली. मध्यंतरात हिनं माझ्या हातातून रुमाल काढून घेतला, पाहिला, आणि काही न बोलता आपल्या पर्समधला कोरडा दिला.

लुचानो गेला ६ सप्टेंबर २००७ रोजी, मोदेनातच. दोन दिवसांनी तिथल्याच कॅथीड्रलमध्ये शेवटची प्रार्थना झाली. चर्च तुडुंब भरलेलं, बाहेर चौकात हजारो माणसं. प्रार्थनेत एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, बापलेकांनी पूर्वी एकत्र गायलेलं, 'पानिस आंजेलिकुस'. पावाचंच गाणं आहे ते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ देवदूतांचा पाव. फेर्नांदोंना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. दोघांचे आवाज एकमेकांच्या शेजारून त्या दगडी कमानींखाली फिरले, आणि गाणं संपल्यावर लोक उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. माझ्या हिशेबानं त्यांतल्या निम्म्या टाळ्या फेर्नांदोंच्या खात्यावर जमा करायला हव्यात.